दहावं घर

रंजना बोरसे लोकांच्या घरी जाऊन विचारायची की गेल्या तीस दिवसांत तुम्ही काय काय खाल्लं. हेच तिचं काम होतं आणि सरकार तिला त्याचे पैसे देत असे. सुरतेत लिंबायतला तिच्या गल्लीत कुणाचाच यावर विश्वास बसत नसे. शेजारच्या बायका तिच्या आईला, सरलाबाईंना, विचारत, ‘‘पोरगी खरंच नोकरीला जाते ना?’’

तिचे वडील सुकदेव दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातून चौऱ्याहत्तर साली सुरतेला आले आणि उधन्याच्या एका कारखान्यात लूम्सवर लागले. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून घरात सगळे मोठ्यानं बोलत. रंजना तेवढी हळू बोलायची. ती लहानपणापासून भित्री. कुत्रा दिसला की रस्ता बदलायची, आणि वर्गात फळ्यापुढे उभं केलं की तिचे हात गार पडायचे. ती बी. ए. झाली, तेही अर्थशास्त्र घेऊन, याचं घरच्यांपेक्षा तिलाच जास्त नवल वाटत होतं.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये कॉलेजच्या फळ्यावर एक कागद लागला. घरोघरी जाऊन खर्चाची पाहणी करण्यासाठी माणसं हवी होती, तीन तीन महिन्यांच्या बोलीवर. काम चांगलं असेल तर मुदत वाढणार होती. रंजनानं अर्ज केला आणि ती निवडली गेली. अहिराणी, गुजराती, हिंदी तिन्ही येणारी मुलगी त्यांना हवीच होती.

हे सगळं तिनं मला पाच वर्षांनी सांगितलं. तेव्हा मी त्याच कचेरीत नवा लागलो होतो आणि ती मला काम शिकवत होती.

पहिले चार दिवस शिकवणी झाली. शिकवायला जरीवाला साहेब होते. पन्नाशीचे, हडकुळे, पांढऱ्या बुशकोटाच्या खिशात दोन पेन्सिली. त्यांनी फळ्यावर शंभराचा आकडा काढला.

‘‘देशात वर्षभरात ज्या वस्तू तयार होतात आणि ज्या सेवा मिळतात, त्या सगळ्यांची किंमत धरा शंभर रुपये,’’ ते म्हणाले. ‘‘त्यातले साठाहून जास्त रुपये तुमच्या-माझ्या घरात खर्च होतात. पीठ, तेल, साबण, रिक्षा, डॉक्टर, न्हावी. बाकीचे सरकार खर्च करतं, कारखानदार यंत्रांत घालतात. आता समजा, हा साठाचा आकडा खाली यायला लागला. म्हणजे देशाची कमाई वाढली, पण घरातलं खाणं-पिणं त्या मानानं वाढलं नाही. मग दिल्लीवाल्यांना उत्तर द्यावं लागतं की वाढलेलं गेलं कुठं. हा आकडा ते त्यांच्या कागदांवरून काढतात. आणि तो बरोबर आहे की नाही, हे पाहायला आपण दारं वाजवतो. दोन्हींत फरक पडला की पहिलं बोट आपल्याकडे येतं.’’

मग त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. ‘‘म्हणून सांगतो, एक घर खोटं लिहिलंत तर एकच घर खोटं होत नाही. तुम्ही ज्या घरात जाता, त्याच्या मागे न पाहिलेली हजारो घरं उभी असतात. त्यांच्या वतीनं ते एक घर बोलतं. आणि ज्यानं घरी बसून फॉर्म भरला, तो सापडला की त्याच दिवशी घरी जातो. आजवर दोघांना मीच काढलंय.’’

ही शेवटची गोष्ट रंजनाच्या मनात पक्की बसली.

कामाला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की ती लोकांना जेवढी भिते त्याहून जास्त लोक तिला भितात. हातात छापील कागदांचा गठ्ठा असलेली बाई दारात आली की घरात एकदम शांतता व्हायची. झोपडी पाडणार असतील, रेशनकार्ड काढून घेणार असतील. पावणेदोन वर्षांपूर्वीच्या दंगलीनंतर तर नावांची यादी म्हटली की लोक दार लावून घ्यायचे. बायका ज्वारी कमी सांगायच्या, पुरुष विड्या कमी सांगायचे. रंजना दारातच बसायची, पाणी मागायची, अहिराणीत बोलायची. ‘‘किती आणलं ते नको मावशी, किती खाल्लं ते सांगा,’’ असं म्हणायची. हळूहळू लोक सांगायला लागायचे. जुलै आणि ऑगस्टमधली तिची सगळी पत्रकं जरीवाला साहेबांनी एकही खूण न करता ठेवून घेतली.

सप्टेंबरमध्ये तिला वेडरोडच्या बाजूची एक वस्ती मिळाली. दहा घरं. तापीचं पाणी नुकतंच वस्तीत शिरून ओसरलं होतं. गल्ल्यांतून चिखल होता, मेलेली जनावरं कुठे कुठे तशीच पडली होती. नऊ घरं झाली. दहावं उखाचं होतं. उखा शिरपूरकडचा, लूम्सवर कामाला. घरात बायको मालतीबाई, सहा वर्षांची कविता आणि उखाचा धाकटा भाऊ गणपत. मालतीबाईंनी चौघांची नावं दिली आणि म्हणाल्या, ‘‘आत्ता घरात घोट्यापर्यंत गाळ आहे, ताई. गणपती बसतील-उठतील, मग ये. सगळं सांगते.’’

त्या दिवशी गणपतनं तिला बसायला पाट आणून दिला होता. वीस-एकवीस वर्षांचा असेल. हसतमुख होता. ‘‘मला खायला किती लागतं ते वहिनीला नका विचारू, वाढवून सांगेल,’’ असं काहीतरी म्हणाला होता.

गणपती उठले आणि चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सुकदेव रात्रपाळी करून घरी आले ते दारातूनच बोलत. कारखाना बंद केला. शहरात प्लेग आलाय. वेडरोडला माणसं मेली, कुणी म्हणतं पाच, कुणी पन्नास. उधना स्टेशनावर पाय ठेवायला जागा नाही.

सरलाबाई पिशव्या काढायला लागल्या. रंजना कागदांचा गठ्ठा पिशवीत घालत होती.

‘‘कोठे चालनी तू?’’ आईनं विचारलं.

‘‘एक घर राहिलंय. महिनाअखेर जवळ आलीय, कागद द्यावे लागतात. तासात येते.’’

‘‘आज कोठेच जावानं नहीं.’’

रंजना तरी गेली. मी तिला विचारलं होतं, तुझ्यासारखी भित्री मुलगी कशी काय गेलीस? ती म्हणाली, ‘‘प्लेग मी पाहिला नव्हता. जरीवाला साहेब पाहिले होते.’’

शटल रिक्षा सगळ्या उलट्या दिशेनं, स्टेशनकडे, चालल्या होत्या. ट्रंका, गाद्या, माणसं, सगळं एकावर एक. ती चालत निघाली. लोकांनी तोंडाला रुमाल बांधले होते, ज्यांच्याकडे रुमाल नव्हते त्यांनी गमछे, ओढण्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं आणि बघितलंच तर तोंडाकडे बघायचं, हा खोकतो का म्हणून. तिनंही पदर नाकावर धरला. औषधांच्या दुकानांपुढे रांगा होत्या.

वस्तीत शिरली तर निम्म्या दारांना कुलपं. नऊ घरांपैकी सहा बंद होती. ती पायाखाली बघत चालत होती, कारण सकाळी वडिलांनी उंदरांचं सांगितलं होतं. दहाव्या घराचं दार अर्धं उघडं होतं. तिनं कडीला हात घातला आणि आतून खोकला ऐकला.

तसा खोकला तिनं आधी कधी ऐकला नव्हता. ओला, छातीच्या तळापासून येणारा, आणि मध्ये श्वास घ्यायला जागाच नसलेला. तो थांबायचा आणि त्या थांबण्यात कुणीतरी घरघर श्वास ओढायचं. रंजनाचा हात कडीवरच राहिला.

‘‘बाई, मझार येऊ नको,’’ आतून मालतीबाई म्हणाल्या. मग त्या स्वतःच उंबऱ्यापर्यंत आल्या. पदर तोंडावर घट्ट धरलेला. डोळे लाल. दुसऱ्या हातात चिठ्ठीचा कपटा आणि गुंडाळलेली नोट.

‘‘गणपतला रातपासून ताप आहे. उखा दवाखान्यासाठी गाडी बघायला गेलाय, अजून आला नाही. पोरीला सोडून मला जाता येत नाही. नाक्यावरून एवढ्या गोळ्या आणून दे. नाव लिहिलंय. टेट्रासायक्लिन.’’

त्यांनी हात पुढे केला. रंजना तो हात बघत राहिली. नोट घामानं ओली झालेली होती. ती नोट घ्यायची म्हणजे त्या हाताला हात लागणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

‘‘आणते,’’ ती म्हणाली. ‘‘पैसे असू द्या, माझ्याकडे आहेत. आणते.’’

आणि वळली. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली, तिथून पुढे पळत सुटली.

नाक्यावरच्या दुकानापाशी ती थांबली हे खरं आहे. रांगेच्या शेवटी उभीही राहिली. पुढे शे-दीडशे माणसं असतील. दुकानदार आतून ओरडत होता की माल संपत आलाय. तेवढ्यात मधला एक म्हातारा खोकला. साधा खोकला असेल, धुळीचा. पण रांग फुटली. माणसं त्याच्यापासून अशी बाजूला झाली की तो रस्त्यात एकटाच उभा राहिला, आणि ‘‘मला काही नाही, मला काही नाही,’’ म्हणायला लागला. रंजना तिथून निघाली ती थेट घरी आली. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

दुपारी ते तिघं उधन्याहून भुसावळकडच्या गाडीत कसेबसे शिरले. तिला खिडकीची जागा मिळाली. डब्यात एवढी माणसं, पण आवाज नव्हता. लेकरं रडली तरी आया त्यांच्या तोंडावर हात ठेवत. रंजना खिडकीबाहेर तोंड काढून श्वास सोडत होती. आपण त्या दारात किती वेळ उभ्या होतो? दोन मिनिटं? ती बाई आपल्याशी बोलत होती तेव्हा वारा कुठून येत होता? समोर एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. रंजनानं तोंड तिकडे वळवलंच नाही.

व्यारा गेल्यावर तिनं पिशवीतून दहावं पत्रक काढलं. का काढलं, ते तिला नीट सांगता आलं नाही. हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणाली. मुदत होती, मुदत वाढायची होती, तेही होतंच. शेजारच्या नवव्या घराचं भरलेलं पत्रक बाजूला ठेवून तिनं उखाच्या घराचं भरायला सुरुवात केली. माणसं चार. ज्वारी तीस किलो. तांदूळ आठ. तूरडाळ तीन. तेल, मीठ, चहा, साखर. विड्या रोज एक कट्टा. साबण दोन. सगळं अगदी बेताचं, कुणाला खटकणार नाही असं. औषधांच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. तिथे तिनं शून्य लिहिलं.

दोंडाईच्याला फलाटावर आरोग्य खात्याची माणसं टेबल मांडून बसली होती. सुरतेहून आलेल्यांची नावं लिहून घेत होती, दोन दोन गोळ्या देत होती. तोंडाला फडकं बांधलेल्या एका नर्सनं विचारलं, ‘‘आजारी माणसाच्या जवळ कोणी गेलं होतं?’’

सुकदेवांना प्रश्न ऐकू आला नाही. सरलाबाई नाही म्हणाल्या. नर्सनं रंजनाकडे बघितलं. रंजनानं मान हलवली. नाही.

गावात त्यांना घरी जाऊ दिलं नाही. सुकदेवांचा सख्खा भाऊ बन्सीलाल गावाबाहेर पुलापाशीच उभा होता, बरोबर आणखी दहा-बारा माणसं. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण तो जवळ आला नाही. ‘‘मळ्यातल्या खोपीत राहा आठ दिवस,’’ तो लांबून म्हणाला. ‘‘भाकरी पोहोचवू.’’ भाकरी पोहोचायची. बांधावर ठेवून माणूस परत जायचा आणि तो लांब गेल्यावर सरलाबाई जाऊन आणायच्या.

रंजना दिवस मोजत होती. रेडिओवर सांगत होते की लागण झाली तर चार-सहा दिवसांत कळतं. ती सकाळी उठली की पहिल्यांदा मनगटाची आतली बाजू कपाळाला लावून बघायची. मग हळूच खोकून बघायची, आवाज कसा येतो ते. आईनं केलेल्या चहाला ती वेगळी वाटी घ्यायची आणि ती वाटी स्वतःच घासायची. खोपीच्या एका टोकाला निजायची. आईला वाटलं, पोरगी रुसलीय.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या अंगात कणकण आली. चारच्या सुमाराला थंडी वाजायला लागली. तिनं गोधडी घेतली आणि खोपीतून उठून बांधाच्या पलीकडे, कापसाच्या सरीत जाऊन बसली. सरलाबाई मागोमाग आल्या.

‘‘काय हुयनं तुले?’’

‘‘जवळ येऊ नको, आई.’’

सरलाबाई थांबल्या. रंजना दात वाजत असताना सगळं सांगून बसली. दार, खोकला, गोळ्या, नोट, फलाटावर हलवलेली मान. ‘‘मी तुम्हा दोघांना मारणार आता,’’ ती म्हणाली. ‘‘तिथंच मेले असते तर बरं झालं असतं.’’

सरलाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. रंजना म्हणते की आई मागे सरकेल अशीच मला खात्री होती, आणि सरकावी असंही वाटत होतं. पण त्या सरकल्या नाहीत. मग शेजारी येऊन बसल्या, हात तिच्या कपाळावर ठेवला.

‘‘तुना बापले सांगू नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याले ऐकू येत नहीं ते बरं शे.’’

दोन दिवस त्या मळ्यात तिच्याजवळ बसून होत्या. स्वतःच्या वाटणीच्या गोळ्याही त्यांनी तिलाच दिल्या. दर थोड्या वेळानं रंजना खोकायची आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या. तिसऱ्या दिवशी पहाटे घाम आला आणि ताप उतरला. हिवताप असेल किंवा नुसती भीती असेल. मरण टळलं हे कळल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. पण ताप होता तोवर तिला फक्त स्वतःची भीती होती. आता ताप नव्हता, तर डोळ्यांपुढे तो पुढे केलेला हात यायला लागला.

ऑक्टोबरच्या पाच तारखेला ते सुरतेला परतले. कारखाने सुरू होत होते. गटारांच्या कडेला पांढरी पावडर होती आणि कधी नव्हे ते कचऱ्याचे ट्रक दिवसातून दोनदा येत होते. रंजना कचेरीत गेली. जरीवाला साहेब शहर सोडून गेले नव्हते. त्यांनी दहा पत्रकं चाळली, चष्मा काढला आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

‘‘आपले निम्मे लोक परत आलेच नाहीत, रंजनाबेन. आणि तुम्ही अशा दिवसांत, त्या भागात, दहाच्या दहा घरं पुरी केलीत. मी वर कळवणार आहे.’’

तिनं कप खाली ठेवला. साहेब पुढे म्हणाले, ‘‘पुनर्तपासणीला तुमचीच वस्ती निघालीय. नुसता नियम म्हणून, काळजी नको. सोमवारी आपण दोघं जाऊ. दोन-तीन घरांत विचारलं की झालं. शेवटच्या घरापासून सुरुवात करू.’’

शनिवारी दुपारी ती एकटीच वस्तीत गेली. वेळीच कबूल करावं असं काही तिच्या मनात नव्हतं. ती मला स्पष्ट म्हणाली, ‘‘मी मालतीबाईंच्या पाया पडायला गेले होते, की साहेबांना काही सांगू नका. ते घर बंद असेल, सगळे गावी गेले असतील, अशी आशा करत गेले.’’

दार उघडं होतं. मालतीबाई चुलीपुढे बसल्या होत्या आणि कविता भिंतीला टेकून. घरात आणखी कुणी नव्हतं.

मालतीबाईंनी तिला लगेच ओळखलं. ‘‘तू त्या दिनले पयनी ना?’’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

‘‘हो. पळाले.’’

‘‘सगळेच पयनात. शेजारी, घरमालक. पण तू आणते म्हणालीस. मी अर्धा तास दारात उभी होते तुझी वाट बघत. नाही म्हणाली असतीस तर मी तेव्हाच निघाले असते.’’

रंजना उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. मालतीबाई एकेक वाक्य सांगत गेल्या. उखाला गाडी मिळाली नाही. शेवटी त्यांनीच भाजीवाल्याची हातगाडी भाड्यानं घेतली, त्यावर गणपतला घातलं, कविताला त्याच्या पायाशी बसवलं आणि ढकलत निघाल्या. अर्ध्या वाटेत उखा भेटला. दवाखान्यात गोळ्या होत्या, सलाईन होतं, डॉक्टर होते. उशीर झाला म्हणाले. शनिवारी सकाळी गणपत गेला.

‘‘अर्ध्या तासानं फरक पडला असता का?’’ रंजनानं विचारलं.

‘‘कोण जाणे. मीही तेच विचारते. मला कोण सांगणार?’’

मग मालतीबाईंनीच तिच्या पिशवीकडे बघून विचारलं, ‘‘कागद आणलास का?’’

पिशवीत एक कोरं पत्रक होतं. रंजना आत गेली आणि जमिनीवर बसली. काय विनंती करायला आपण आलो होतो ते तिला बोलताच आलं नाही. तिनं पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीपासून विचारायला लागली. आठ सप्टेंबर ते आजपर्यंत. घरात जेवणारी माणसं किती? मालतीबाई म्हणाल्या, चार. मग थांबल्या. गणपत एकवीस तारखेपर्यंत जेवला होता, म्हणजे चौदा दिवस. रंजनानं चौदा लिहिलं.

ज्वारी बारा किलो. तांदूळ तीन, तोही कवितासाठी पेजेला. डाळ पाव किलो. तेल आणलंच नव्हतं. विड्या पहिले दोन आठवडे, त्यानंतर उखानं ओढल्या नाहीत. दूध, कधी न आणलेलं, नऊ दिवस. हातगाडीचं भाडं. गोळ्या, दुकानातल्या नव्हे, रस्त्यात एकाकडून चौपट भावानं घेतलेल्या, त्या शुक्रवारी उखानं घरातल्या तिघांसाठी आणल्या. औषधांच्या रकान्यातला आकडा उरलेल्या सगळ्या किराण्याहून मोठा झाला. रंजना विचारत गेली आणि लिहीत गेली.

‘‘जळण?’’ तिनं विचारलं. ‘‘लाकूडफाटा किती लागला?’’

‘‘चुलीला की गणपतला?’’

रंजनानं मान वर केली. मालतीबाईंनी खरोखरच विचारलं होतं. त्यांना कळत नव्हतं की सरकारला कुठलं हवंय. ‘‘त्याची पालिकेनं दिली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तर चुलीचीच लिही. वीस किलो.’’

सोमवारी सकाळी साहेब रिक्षा बोलवायला निघाले तेव्हा रंजनानं दोन्ही पत्रकं त्यांच्या टेबलावर ठेवली. ‘‘हे वरचं मी आगगाडीत बसून लिहिलं,’’ ती म्हणाली. ‘‘हे खालचं खरं आहे.’’ आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हात तिनं पाठीमागे धरले होते.

जरीवाला साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. तीसच्या जागी बारा. शून्याच्या जागी तो आकडा. एकेका रकान्यावरून त्यांनी पेन्सिल खाली नेली.

‘‘पहिलं मी पास केलं होतं,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘त्यात एकही चूक नव्हती.’’ मग खुर्ची सरकवून उठले. ‘‘खरं आहे तेच जाईल. पण वर लिहावं लागेल की आधीचं खोटं होतं, आणि कुणी लिहिलं ते. सही कराल?’’

तिनं सही केली. तोवर वस्तीतले लोक परतले होते, त्यामुळे बाकीची नऊ घरंही त्याच दिवशी दोघांनी तपासली. तिथलं सगळं बरोबर निघालं, तरी नियम तो नियम. पुढच्या तिमाहीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

त्यानंतरची साडेचार वर्षं तिनं लिंबायतमध्ये शिकवण्या घेतल्या आणि एका साडीच्या गोदामात घड्या मोजल्या. पाहणीचा अहवाल छापून आल्याचं कळलं तेव्हा ती कचेरीत जाऊन तो बघून आली. शहरी गुजरातचं एक कोष्टक होतं. माणशी धान्य एवढं, औषधं एवढी, आकडे दशांशापर्यंत. त्यात उखाचं घर कुठे असेल ते तिनं शोधलं. शोधून सापडणार नाही हे तिला माहीत होतं.

उखा आणि मालतीबाई पुढे कडोदऱ्याला गेले, तिथल्या लूम्सवर उखाला काम मिळालं. रंजना दर दिवाळीला त्यांच्याकडे जायची. मी विचारलं, त्यांनी माफ केलं का? ती म्हणाली, ‘‘मी मागितली नाही. त्यांनी दिली नाही. जेवायला वाढतात.’’

नव्व्याण्णव साली मोठी पाहणी पुन्हा निघाली. तिनं अर्ज केला, आणि अर्जात स्वतःहून मागचं सगळं लिहिलं. निवृत्तीला आलेल्या जरीवाला साहेबांनी तो अर्ज वाचला आणि तिला घेतलं. तेव्हाच मी तिच्याबरोबर फिरायला लागलो. सुरतेजवळच्या सचिन गावच्या कामगार वसाहतीत पहिल्या दिवशी आम्ही एका दारापाशी उभे राहिलो. तिनं कागद काढले नाहीत, नाव विचारलं नाही. आधी विचारलं, ‘‘घरात कुणी आजारी आहे का? काही आणून द्यायचंय का?’’

हा प्रश्न पत्रकात नव्हता. मी तसं म्हणालो.

‘‘माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तू विचारलाच पाहिजेस असं नाही.’’

आतून एक बाई पदर सावरत बाहेर आली, सगळे बरे आहेत म्हणाली आणि तुम्ही कोण, असं घाबरून विचारायला लागली. रंजना उंबऱ्याशी बसली आणि पाणी मागितलं.